हिमालयापलीकडची होल्स

डॉक्टरांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, पण मी ती पक्की केली नव्हती. देहात नवा सांधा बसवायचा, ही कल्पनाच मनाला पटेना. दरम्यान लेकीकडे ग्लासगोला जाणं झालं. पस्तीस वर्षं गोल्फ खेळलो, प्रेस्टविक तेवढं राहिलं होतं. म्हटलं, जुन्या गुडघ्यांवर ते उरकून घ्यावं.

मनात एक हिशेबही होता. ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८५१ मध्ये इथे आखली ती बाराच होल्स. १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ खेळाडूंनी त्या बारा होल्सच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात मारल्या आणि ओपन स्पर्धा जन्माला आली. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकले. खुद्द मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिले. बाराची अठरा झाली ती १८८२ मध्ये. तेव्हा आपण मूळचं तेवढं खेळायचं, नंतरच्या जोडकामावर गुडघे झिजवायचे नाहीत.

माझी बॅग ओढणारी लेक हसली. "बाबा, १८८२ म्हणजे 'केसरी' निघून जेमतेम वर्ष झालेलं. त्याला तुम्ही नवं म्हणता?"

पहिल्या होलच्या उजव्या अंगाला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रेल्वे. गाडी चुकत असल्यासारखा माझा चेंडू थेट तिकडेच गेला. तिसऱ्याला 'कार्डिनल' नावाचा, रेल्वेचे स्लीपर लावलेला प्रचंड बंकर. आणि पाचवं होल 'हिमालय'! आपण हसावं अशी ती वाळूची, गवत माजलेली टेकडी. पण ग्रीन तिच्या पाठीमागे, दोनशे यार्डांवर. टीवरून काहीएक दिसत नाही.

इथूनच मागे फिरायचं मी ठरवलं होतं. लेक काही बोलली नाही. टेकडीवर चढली आणि वरून हात हलवून म्हणाली, "मारा!" मारला. मग चेंडू आणायला तरी पलीकडे जाणं आलंच.

पलीकडची जमीन मोकळी आणि ऐसपैस, शेजारून वाहणारा ओढा. अलीकडे जुन्या भागात टेकड्या, खळगे, डोळे मिटून मारल्यासारखे फटके. इथे समोरचं बरंचसं दिसतं. चालता चालता एक गोष्ट लक्षात आली. खेळ अठरा होल्सचा झाला, तेव्हा ती सगळी जुन्याच तुकड्यात कोंबली असती, तर आधीचं फार थोडं शिल्लक राहिलं असतं. भार या नव्या जमिनीनं उचलला. जुन्यातलंही बरंच बदललं, पण काही ग्रीन्स जागच्या जागी राहिली. विस्तारानं सगळंच साधलं असंही नाही. चोवीस वेळा इथे ओपन झाली; १९२५ मध्ये प्रेक्षकांची गर्दी आवरेना आणि ती पुन्हा इथे आलीच नाही.

दहाव्याला टेकडी ओलांडून परतलो. तेराव्याला गुडघा बोलू लागला. पण ज्याच्यासाठी आलो ते 'आल्प्स' अजून पुढेच होतं. मूळच्या बारांत ते दुसरं होतं, आता सतरावं आहे. म्हणजे नव्यातून चालत गेल्याशिवाय जुन्यापर्यंत पोहोचायची सोयच नव्हती!

आल्प्सचा दुसरा फटकाही टेकडीवरून, आंधळा. माझा चेंडू पलीकडच्या 'सहारा' बंकरमध्ये रुतला. सात फटके झाले. मागे थांबलेल्या खेळाडूंना वाट मोकळी झाल्याचं कळावं म्हणून इथे घंटा वाजवायची असते. ती लेकीनं वाजवली.

"अजून एक होल आहे बाबा. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. "आणि घरी गेल्यावर डॉक्टरांना फोन लाव. तारीख पक्की म्हणून सांग."