ल्वारच्या तीरी दोन दिवस

कामानिमित्त वा पर्यटनासाठी फ्रान्सला गेलेल्या मराठी माणसाच्या हाती पॅरिसचे दर्शन आटोपल्यावर पुष्कळदा एक शनिवार-रविवार तेवढा उरतो. आणि राजवाडे, द्राक्षमळे, मठ, शहरे असा ल्वार नदीकाठचा सारा ऐवज त्या अल्प अवधीत पदरात पाडून घेण्याच्या हव्यासापायी, रविवारी रात्री तो परततो तेव्हा छायाचित्रांचा संग्रह मोठा झालेला असला, तरी मुलखाची ओळख व्हायची राहून गेलेली असते. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ प्रदेशात जेर्बिए-द-जोंक शिखराच्या पायथ्याशी उगम पावून, हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर तोडून अटलांटिक महासागराला मिळणारी ही नदी फ्रान्समध्ये सर्वांत लांब आहे. सुली आणि शालोन या दोन गावांमधला तिचा सुमारे २८० किलोमीटरांचा पट्टाच २००० साली युनेस्कोने जागतिक वारशात दाखल करून घेतला. एवढा विस्तार दोन दिवसांत पाहू म्हणणे व्यर्थ होय. म्हणून तूर ते सोम्यूर हा पासष्टेक किलोमीटरांचा टापू निवडावा आणि बाकीच्या मुलखाकडे तूर्त निश्चयाने पाठ फिरवावी, अशी आमची तजवीज आहे.

हाच टापू का, या प्रश्नाचे उत्तर तेथील भूमीच्या पोटात आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर समुद्र पसरलेला असताना त्याच्या तळाशी जो गाळ साचला, त्याचा पुढे पांढुरका, मऊ, करवतीने सहज कापता येणारा चुनखडक झाला. स्थानिक लोक त्याला ‘तुफो’ म्हणतात. आणि भूशास्त्रज्ञांनी त्या कालखंडाला तूर शहरावरूनच ‘तुरोनियन’ हे नाव दिले आहे. राजांनी आणि सरदारांनी आपले वाडे या दगडात बांधले, तो नदीतून सपाट बुडाच्या नावांवर लादून दूरवर नेला. आणि दगड काढून झाल्यावर कड्यांच्या पोटात ज्या पोकळ्या उरल्या, त्यांत कोणी बिऱ्हाड थाटले, कोणी अळिंबीची लागवड केली, तर द्राक्षमळेवाल्यांनी बारा-तेरा अंशांच्या आसपास बारमाही टिकणारा तेथील गारवा पाहून मद्याचे बुधले साठवले. वर वेल, मध्ये खडक, खाली तळघर आणि समोर त्याच खडकाचा राजवाडा, अशी ही रचना एकदा ध्यानी आली की बाकीचे तपशील आपोआप जागच्या जागी बसतात.

शुक्रवारी सायंकाळी पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून सुटणारी जलद गाडी साधारणतः तासा-सव्वातासात तूरलगतच्या सँ-पिएर-दे-कोर स्थानकावर पोहोचवते आणि तेथून तूर शहर काही मिनिटांवर आहे. तिकिटे जितकी आधी काढावीत तितकी बहुधा स्वस्त पडतात. कादंबरीकार बाल्झाक तूर शहरातच १७९९ साली जन्मला. रात्री जुन्या पेठेतील लाकडी चौकटींची घरे पाहत फेरफटका मारावा आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठावे; कारण शनिवारची सकाळ वूव्रेसाठी राखून ठेवायची आहे.

तूरच्या पूर्वेस दहाएक किलोमीटरांवर, नदीच्या उत्तर तीरावरील कड्याला बिलगून वसलेले हे गाव शेनँ ब्लाँ या द्राक्षजातीचे माहेरघरच म्हणावे लागेल. हीच जात आपल्याकडे नाशिकच्या परिसरात ‘शेनिन ब्लाँ’ या नावाने रुजली आहे. परंतु तेथे द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते, तर वूव्रेला ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सकाळच्या धुक्यात चालते. त्या धुक्याच्या ओलीने आणि मागून पडणाऱ्या उन्हाने काही वर्षी द्राक्षांवर एक हितकर बुरशी धरते, फळातले पाणी आटते, साखर एकवटते, आणि त्यातून मधुर मद्य तयार होते; ऊन कमी पडले त्या वर्षी तेच मळे कोरडे किंवा फसफसणारे मद्य देतात. म्हणून बाटलीवरील चिठ्ठीत ‘सेक’ म्हणजे कोरडे, ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड आणि ‘म्वालो’ म्हणजे गोड, हे शब्द वाचून घ्यावेत. वूव्रे या नावाच्या वापरावर सरकारी नियमांचा अंमल १९३६ पासून आहे. कोणत्या हद्दीतल्या, कोणत्या जातीच्या द्राक्षांचे मद्य त्या नावाखाली विकावे, हे त्यात ठरवून दिलेले आहे.

मळेवाल्याच्या दारी जाण्याचे काही संकेत आहेत. आठवड्याच्या मध्यातच पत्र किंवा दूरध्वनी करून वेळ ठरवून घ्यावी, कारण लहान मळ्यांत पाहुण्यांची सरबराई करणारा आणि वेलींची छाटणी करणारा इसम बहुधा एकच असतो. दारात पाऊल टाकताना ‘बाँझूर’ म्हणण्यास चुकू नये. चाखताना कोरड्यापासून गोडाकडे जावे, आणि घोट तोंडात घोळवून शेजारच्या पिकदाणीत टाकण्यास संकोचू नये; तसे करणे तेथे असभ्य समजले जात नाही, उलट जाणकारीचे लक्षण मानले जाते. निघताना एखादी बाटली विकत घेणे हा शिष्टाचार होय. स्वतः मोटार हाकणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावे की फ्रान्सच्या कायद्यात रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे. जेवणाची वेळ बारा ते दोन. ती टळली तर उपाहारगृहाचे दार बंद आढळण्याचा संभव मोठा. शाकाहारी मंडळींनी राखेत घोळवलेले, मधोमध पेंढ्याची काडी असलेले सँत-मोरचे शेळीच्या दुधाचे चीज आणि गुहेत पिकलेली अळिंबी यांवर भिस्त ठेवावी. ‘रियेत’ हा पदार्थ मात्र बहुधा डुकराच्या मांसाचा असतो.

दुपारी तूरला परतून लहान गाडीने तासाभराच्या आत शिनोंला पोहोचावे आणि रात्रीचा मुक्काम तेथेच ठेवावा. व्हिएन नदीवरील या गावाच्या माथ्यावर जो दुर्ग आहे, तेथे १४२९ साली जोन ऑफ आर्क सातव्या चार्ल्सच्या भेटीस आली, आणि त्याआधी ११८९ साली इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री येथेच मरण पावला. येथील मद्य लाल, काबर्ने फ्राँ जातीचे: नदीकाठच्या वाळूखड्यांवरचे हलके व लवकर पिण्याजोगे, तुफोच्या उतारावरचे भारदस्त व वर्षानुवर्षे मुरणारे. लेखक राबले याच परिसरातला, आणि त्याने आपल्या गार्गांतुआचे युद्ध आसपासच्याच खेड्यांत रंगवले आहे.

रविवारी लहान मळे बहुधा बंद असतात, तेव्हा तो दिवस रस्त्याला द्यावा. शिनोंहून सायकलीने व्हिएनच्या काठाकाठाने सतराएक किलोमीटर गेले की कांद-सँ-मार्तँ येते. तूरचा बिशप संत मार्टिन येथे ३९७ साली निवर्तला; चर्चच्या मागच्या चढावर उभे राहिले असता व्हिएन आणि ल्वार यांचा संगम डोळ्यांत मावत नाही इतका प्रशस्त दिसतो. पुढे मोंसोरोवरून थोडे आत वळले की फोंतव्रोचा मठ लागतो. ११०१ साली स्थापन झालेल्या या मठात साधू आणि साध्वी अशा दोघांवरही मठाध्यक्षा स्त्रीचाच हुकूम चाले. नेपोलियनने १८०४ साली त्याचे कैदखान्यात रूपांतर केले, आणि तो कारागृहाचा बंदोबस्त १९६३ पर्यंत टिकला. शिनोंत वारलेल्या हेन्रीचे दफन याच मठात झाले. त्याची, राणी एलेनॉरची आणि पुत्र सिंहहृदयी रिचर्डची निद्रिस्त मूर्ती तुफो दगडातच कोरलेली आहे. तेव्हा रविवारचा हा मार्ग म्हणजे एका राजाच्या अंत्ययात्रेच्या दिशेनेच केलेला प्रवास होय.

तेथून कड्यातली घरे पाहत सोम्यूर गाठावे. फसफसणाऱ्या मद्याचा व्यवसाय येथे १८११ पासून चालत आला असून त्यातील मोठ्या पेढ्यांची तळघरे हंगामात रविवारीही बहुधा पाहावयास मिळतात. सायकल एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याची सोय कोणत्या दुकानात आहे, याची चौकशी आधीच करून ठेवावी. चढ झेपणार नसेल तर मोटार भाड्याने घ्यावी आणि चाखणाऱ्याने ती हाकू नये.

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने या सफरीस उत्तम. ऑगस्टात गर्दी असते, हिवाळ्यात कित्येक दारे बंद असतात. शांबोर आणि शनोंसो हे विख्यात राजवाडे या बेतात बसत नाहीत, याची खंत बाळगू नये. त्यांच्यासाठी निराळा शनिवार-रविवार काढावा. ज्याला हा बेत प्रत्यक्षात आणावयाचा असेल, त्याने सर्वांआधी सोम्यूरहून पॅरिसला परतणारी रविवारची गाडी निश्चित करावी, मग वूव्रेच्या एकाच मळेवाल्याला पत्र धाडावे, आणि उरलेला वेळ मोकळाच ठेवावा.