शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातील जंत : आधी ओळख, मग औषध

मृगाचा पाऊस पडून माळरानावर हिरवळ पसरली की मेंढपाळाच्या जिवाला हायसे वाटते. उन्हाळ्यात खंगलेली जनावरे कोवळ्या चाऱ्यावर अंग धरू लागतात. परंतु श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास कळपातील एखादे धडधाकट कोकरू अचानक मागे पडू लागते, त्याच्या जबड्याखाली पाणी उतरते आणि थोड्याच दिवसांत ते दगावते. हगवण नाही, ताप नाही. त्यामुळे मृत्यूचे कारण उमगत नाही. अशा मृत्यूमागे पुष्कळदा पोटातील जंत असतात. जंतांचे औषध पाजूनही जनावरे मरत राहिली, असा अनुभवही काहींना येतो. ‘जंत’ या एका शब्दाने ओळखले जाणारे हे जीव वस्तुतः परस्परांहून अगदी भिन्न असतात आणि एकाला मारणारे औषध दुसऱ्याला मारीलच असे नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

जंतांचे तीन वर्ग

जनावरांच्या शरीरातील जंतांचे पर्णकृमी, पट्टकृमी व गोलकृमी असे तीन मुख्य वर्ग पडतात. पर्णकृमींपैकी काही पानासारखे चपटे असून ते यकृतात राहतात, तर काही शंकूच्या आकाराचे असून कोटीपोटाच्या आतील बाजूस चिकटून असतात. पाणथळ जागेतील गोगलगायींमार्फत त्यांचा प्रसार होतो. पट्टकृमी फितीसारखे लांब असून आतड्यात वाढतात. त्यांचे तुटलेले खंड शिजलेल्या भाताच्या शितांसारखे लेंड्यांवर दिसतात. गोलकृमी दोऱ्यासारखे असतात. आयव्हरमेक्टिनसारखे औषध गोलकृमींवर चालते. पर्णकृमी व पट्टकृमी यांवर त्याचा परिणाम होत नाही. यावरून वर्ग ओळखण्याचे महत्त्व ध्यानात यावे.

चौथ्या पोटातील रक्तपिपासू

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी चौथा कप्पा, म्हणजेच खरे पोट, हे ‘हिमॉन्कस कंटॉर्टस’ या गोलकृमीचे वसतिस्थान होय. मादी सुमारे २ ते ३ सेंटिमीटर लांब असते. तिच्या रक्ताने भरलेल्या तांबड्या आतड्याभोवती पांढऱ्या अंडनलिकांचे वेढे असल्यामुळे ती पीळ दिलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. असा एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवितो. हे प्रमाण क्षुल्लक भासले, तरी एका मेंढीच्या पोटात ५,००० जंत असल्यास रोज पाव लिटर रक्ताची हानी होते. जबड्याखाली पाणी उतरते ते रक्तातील प्रथिने अशा रीतीने कमी झाल्यामुळेच.

याच कप्प्यात ‘ट्रायकोस्ट्राँगायलस’ हा केसासारखा बारीक, सेंटिमीटरभरही लांब नसलेला जंत आढळतो. तो पोटाच्या अस्तराला इजा करतो. त्यामुळे जनावर हगवते व खंगत जाते.

हिमॉन्कसची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. लेंड्यांतून बाहेर पडलेल्या अंड्यांतून उबदार व दमट हवेत अळ्या निघतात आणि सुमारे आठवड्याभरात गवताच्या पात्यांवर चढतात. चरताना त्या पोटात गेल्या की साधारण तीन आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात. पावसाळ्यातच या रोगाचा जोर का असतो, याचा उलगडा येथे होतो.

ओळखण्याच्या पद्धती

निदानाचा पाया म्हणजे ताज्या लेंड्यांची तपासणी. लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कालविल्या की गोलकृमींची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. पर्णकृमींची अंडी जड असल्याने ती पाण्यात तळाशी बसवून शोधावी लागतात. तथापि, निरनिराळ्या गोलकृमींची अंडी दिसण्यास बहुतांशी सारखीच असतात. म्हणून नमुना सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात आठवडाभर ठेवून त्यातील अळ्या वाढवितात व त्यांच्या शेपटीच्या आवरणावरून जात निश्चित करतात. दगावलेल्या जनावराचे विनाविलंब शवविच्छेदन केल्यास चौथ्या कप्प्यात हिमॉन्कस नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

मेंढपाळाला स्वतः करता येण्याजोगी खूण म्हणजे खालच्या पापणीच्या आतील रंग. तो लालभडक असल्यास रक्त पुरेसे आहे आणि पांढुरका असल्यास रक्तक्षय झाला आहे, असे समजावे. दक्षिण आफ्रिकेत या तत्त्वावर पाच रंगछटांचा ‘फामाचा’ तक्ता तयार करण्यात आला. मात्र यकृतातील पर्णकृमींमुळेही पापणी पांढरी पडत असल्याने या खुणेला लेंड्यांच्या तपासणीची जोड हवीच.

सरसकट औषधाचा धोका

थायाबेंडाझोल हे प्रभावी जंतनाशक १९६१ मध्ये उपलब्ध झाले आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या अनेक औषधांच्या वाट्यालाही हेच आले. एकच औषध वारंवार, अपुऱ्या मात्रेत आणि सर्व कळपाला पाजल्याने त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात व त्यांचीच पैदास वाढते. म्हणून हिमॉन्कसचा उपद्रव असलेल्या कळपात ज्यांची पापणी फिकी आहे, अशांनाच प्राधान्याने औषध देण्याची पद्धत अवलंबिली जाते.

औषध पाजण्यापूर्वी कळपातील काही जनावरांच्या लेंड्या नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्याव्यात. औषध व मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावराच्या वजनानुसार ठरवावी. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली असल्यास ते औषध त्या कळपात निकामी ठरू लागल्याची शंका घ्यावी. मूठभर लेंड्यांच्या या तपासणीने औषधाचा वृथा खर्च टळतो आणि मेंढपाळाचे खरे भांडवल असलेली कोकरे वाचू शकतात.