बातमी कशी मिळवावी व मुलाखत कशी घ्यावी

वृत्तपत्र घरी आले की पाच-दहा मिनिटांत ते चाळून आपण बाजूस ठेवतो. परंतु त्यातील एकेक ओळ मिळविण्यासाठी कोणीतरी कोठेतरी जाऊन कोणास तरी प्रश्न विचारलेला असतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. ज्यांस पुढे वृत्तव्यवसाय करावयाचा आहे, त्यांनी ही प्रश्न विचारण्याची विद्या शाळेतच शिकण्यास आरंभ करावा, असे आम्हांस वाटते. ह्यास आपल्या खानदेशातच उत्तम दाखला आहे. साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांकरिता ते हाताने लिहिलेले एक दैनिक काढीत असत. त्यास छापखाना लागला नाही. कागद, शाई आणि रोजची चिकाटी एवढेच लागले.

पहिली गोष्ट पूर्वतयारीची. काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या हातून, का आणि कसे, ह्या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीत असावी लागतात. फैजपूरचे उदाहरण घ्या. 1936 सालच्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते, एवढे पुस्तकात सापडते. तेवढ्यासाठी कोणा वडीलधाऱ्यास तसदी देऊ नये. परंतु इतक्या लोकांची सोय एका खेड्याने कशी केली, कोणाच्या घरून काय गेले, हे विचारावयाचे झाल्यास माणसांकडेच जावे लागेल. आजोबा जे सांगतात ते त्यांनी स्वतः पाहिले, की आपल्या वडिलांकडून ऐकले, हेही विचारून लिहावे. पाहिलेले व ऐकलेले ह्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. समजा, वैशाखातील वादळाने रावेर किंवा यावलकडील एखादी केळीची बाग आडवी झाली आणि तुम्हांस तिची बातमी आणावयाची आहे. प्रथम आपण कोण, कोठून आलो व हे कोठे छापले जाणार, ते सांगावे आणि बोलण्यास अनुमती मागावी. ज्याचे वर्षाचे पीक मातीस मिळाले आहे, त्याच्यापुढे वही उघडण्यापूर्वी थोडा वेळ नुसते बसावे. ‘भाऊ, तुमचे फार नुकसान झाले ना?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर यावयाचे. कारण उत्तर आपणच प्रश्नात घालून ठेविलेले असते. त्याऐवजी ‘भाऊ, वारा सुटला तेव्हा तुम्ही कोठे होता?’ असे विचारून स्वस्थ बसावे. मग खोडे किती होती, किती पडली, घड उतरावयास किती दिवस राहिले होते, हे एकेक करून विचारावे. दोन प्रश्न एका दमात विचारू नयेत. कर्जासारखा नाजूक प्रश्न शेवटी विचारावा आणि ते बोलावयास नाखूष असतील तर तो तेथेच सोडावा. आपल्याकडे कोणी लेवा बोलीत बोलेल, कोणी अहिराणीत. एखादा शब्द कळला नाही तर तत्क्षणी अर्थ विचारावा. घरी येऊन अंदाजाने अर्थ लावू नये. अवतरणचिन्हांत त्यांनी उच्चारलेले शब्दच घालावे.

तिसरी गोष्ट टिपणाची. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे ह्यांनी दर रविवारी एक, ह्याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. 21 फेब्रुवारीस पहिले झाले व 19 जूनला शेवटचे. तेथेच बंदी असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. बोलणाऱ्याच्या शब्दांशी इमान राखणारा एक लेखणीवाला जवळ होता, त्याचे हे फळ. हल्ली भ्रमणध्वनीवर बोलणे मुद्रित करता येते. विचारून तसे अवश्य करावे. परंतु नावे, आकडे व तारखा वहीत लिहाव्याच. निघण्यापूर्वी त्या मोठ्याने वाचून दाखवाव्या, म्हणजे चूक असल्यास तेथेच दुरुस्त होते.

चौथी गोष्ट पडताळ्याची, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. बागवाल्याने सांगितलेला आकडा शेजाऱ्यास विचारावा व महसूल खात्याचा पंचनामा झाला असल्यास तोही पाहावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर कोणता कोणी सांगितला हे नमूद करून दोन्ही द्यावेत. ही काळजी न घेतल्यास काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्या नावाची म्हणून जी पत्रे पुढे आली होती, ती खरी मानून ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांत बर्व्यांवर गंभीर आरोप करण्यात आले. हेतू तरुण महाराजांचा छळ थांबविण्याचा होता. परंतु पत्रे बनावट निघाली. 1882 साली टिळक व आगरकर ह्यांना त्यापायी मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. एवढे विद्वान, निःस्वार्थी पुरुष; त्यांसही खोट्या कागदाने फसविले. मग भ्रमणध्वनीवर कोठून तरी फिरत आलेला निनावी संदेश पुढे धाडताना आपण किती सावध असावे, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा. अशा संदेशाने एखाद्याची अब्रू एका सायंकाळी जाते. दुसऱ्या दिवशीचा खुलासा मात्र निम्म्या लोकांपर्यंतही पोहोचत नाही.

शेवटी पालकांस एक विनंती. मूल प्रश्न विचारू लागले म्हणजे ‘तुला काय करावयाचे आहे?’ असे म्हणून त्याला गप्प बसवू नये. आमच्या दीपनगरात विद्युत केंद्रावर रात्रपाळीस जाणारे कितीतरी वडील आहेत. आपण सारे निजलेले असता ते नेमके काय करतात, हे त्यांच्या मुलांपैकी कितीजणांस सांगता येईल? विद्यार्थ्यांनो, ह्या सुटीत आपल्या घरातील एका माणसास त्याच्या कामाविषयी दहा प्रश्न विचारा. उत्तरे त्याच्याच शब्दांत उतरवा, ती त्याला वाचून दाखवा आणि ‘हो, असेच मी म्हणालो’ असे त्याने म्हटल्यावरच तो कागद आमच्याकडे आणा. पुढील अंकात त्यांतील उत्तम मजकुरास आम्ही आनंदाने जागा देऊ.