मागील पानावरून पुढे

जुन्या रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानावरून आणलेली बेरीज लिहिलेली असे, आणि तळाशी तीच बेरीज नव्या रकमांसह पुढील पानावर नेली जाई. वर्षारंभापासून आजवर किती झाले, हे कळावयास निराळा खटाटोप नसे. शेवटचे लिहिलेले पान उघडले की पुरे. आज हेच काम संगणक करतो. आमच्या बडोद्याच्या घरीही तो ते निमूटपणे करीत होता, आणि म्हणूनच त्यातील चूक लवकर कोणाच्या ध्यानी आली नाही.

आमच्याकडे लग्नकार्यांत जेवणावळी व दिवाळीत फराळ पुरविण्याचा लहानसा धंदा आहे. नानांनी वर्षानुवर्षे कीर्द हातानेच लिहिली. मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून पुतण्याने हिशेब संगणकावर घेतला. डिसेंबरअखेर पडद्यावर वर्षाची आजवरची विक्री ११,४०,००० रुपये दिसली. आदल्या वर्षी नानांच्या कीर्दीत डिसेंबरअखेरचा आकडा ८,६०,००० होता. म्हणजे २,८०,००० रुपयांची वाढ! पौष सरला की शेजारच्या गाळ्याचा विसार द्यावा, असे घरात ठरलेही.

विसार नेऊन देण्याच्या आदल्या संध्याकाळी नानांनी सहज पडद्यावर नजर टाकली. तेथे अवघे ४२,००० रुपये होते. ते म्हणाले, “अरे, चढती बेरीज उतरली कशी? विकलेला माल परत आल्यावाचून ती खाली येत नसते.”

गोम येथेच होती. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. पूर्वी पुष्कळ व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरीत. १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून आयकरासाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सर्वांना लागू झाले. संगणकाला मात्र हे कोणी सांगितलेले नसते. वर्षअखेर स्पष्ट न सांगितल्यास अशा प्रणाली बहुधा ३१ डिसेंबरच धरून चालतात आणि १ जानेवारीला बेरीज पुन्हा शून्यापासून आरंभतात. आमच्या ११,४०,००० मध्ये आदल्या लग्नसराईतील जानेवारी ते मार्चचे ३,१०,००० मिसळलेले होते. ते वजा जाता एप्रिलपासूनची खरी विक्री ८,३०,०००. वाढ दूरच, उलट ३०,००० रुपयांची घट!

उपाय अगदी सोपा होता. अहवालाच्या प्रणालीत वर्षअखेर ३१ मार्च अशी नोंदवावयाची. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये वर्षारंभापासूनच्या बेरजेचे जे तयार सूत्र आहे, त्यातही ही तारीख सांगण्याची सोय आहे. ज्यांचा हिशेब एक्सेलच्या तक्त्यावर असेल, त्यांनी बेरजेच्या सूत्रात एप्रिलच्या चौकटीचा पत्ता डॉलरच्या चिन्हाने खिळवून ठेवावा व शेवटची चौकट मोकळी सोडावी. मग सूत्र खाली ओढले की एप्रिलचे १,२०,०००, मेअखेर २,५५,०००, जूनअखेर ३,२५,००० अशी बेरीज आपोआप चढत जाते.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आम्ही या निमित्ताने शिकलो. पहिली ही की, रकमांची बेरीज होते, टक्क्यांची होत नाही. एका महिन्यात १,००,००० च्या विक्रीवर २०,००० नफा झाला, म्हणजे २० टक्के. दुसऱ्या महिन्यात ५०,००० वर ५,०००, म्हणजे १० टक्के. दोहोंची सरासरी काढून १५ म्हणणे चूक. एकूण नफा २५,००० व विक्री १,५०,०००. तेव्हा प्रमाण सुमारे १६.६७ टक्के. दुसरी गोष्ट सणांची. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ साली दिवाळी ऑक्टोबरातच आली. अशा दोन वर्षांचे ऑक्टोबरअखेरचे आकडे शेजारी मांडले, तर फराळाचा धंदा एकाएकी फोफावल्याचा भास होईल.

ही चढती बेरीज केवळ धंद्यालाच लागते असेही नव्हे. ज्यांना अग्रिम आयकर चार हप्त्यांत भरावा लागतो, त्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या तारखांपर्यंत वर्षाच्या कराचे अनुक्रमे १५, ४५, ७५ व १०० टक्के भरावयाचे असतात. हे आकडे एकेका हप्त्याचे नव्हेत, तर तोवरच्या एकूण भरण्याचे आहेत. तेथे वर्षारंभ चुकला, तर कराचा अंदाजही चुकणार.

गाळ्याचा विचार आम्ही तूर्त बाजूस ठेवला आहे. पुतण्या थोडा खजील झाला. पण नानांनी त्याला बोल लावला नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की यापुढे प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर ही बेरीज कोणत्या तारखेपासूनची, हे अक्षरांत लिहावे. आता तेथे लिहिलेले असते: ‘१ एप्रिलपासून’. तेवढी ओळ वाचल्यावाचून घरात कोणी खालचा आकडा पाहत नाही.