तोट्यातला डोळा

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात नातीनं मला शोभेच्या माशांच्या दुकानात ओढून नेलं. एका टाकीपुढे ती थबकली. "आजोबा, याला डोळेच नाहीत!" बोटाएवढा, फिकट गुलाबी मासा. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. तरी काचेला न धडकता मजेत हिंडत होता. नात हसली. मला काही हसू येईना.

घरी येऊन वाचत बसलो. हा मासा मूळचा मेक्सिकोचा. सिएरा दे एल आब्रा आणि आसपासच्या डोंगरांतल्या तीसेक गुहांत त्याची वस्ती आहे. शास्त्रज्ञांच्या दप्तरी त्याची नोंद झाली १९३६ साली. बाहेरच्या नद्यांत त्याचे चंदेरी, डोळस भाऊबंद आहेत. आजही दोघांची सोयरीक जमते, इतकं जवळचं नातं.

मग डोळे गेले कुठे? वापर नाही म्हणून गेले, असं डार्विननं १८५९ मध्ये गुहेतल्या प्राण्यांबद्दल लिहिलं होतं. २०१५ साली संशोधकांनी खर्चाचा हिशेबच मांडला. विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेपैकी लहान माशाची सुमारे १५ टक्के आणि मोठ्याची ५ टक्के निव्वळ दृष्टीवर खर्च होते. गुहेत अन्न म्हणजे वटवाघळांची विष्ठा, नाहीतर पुरानं आत आणलेला पालापाचोळा. उत्पन्न एवढंसं आणि खर्च एवढा! बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. तोट्यातली शाखा बंद करायची, कर्मचारी दुसरीकडे पाठवायचे. इथेही तसंच झालं. चवीच्या कळ्या वाढल्या. पाण्याची थरथर टिपणारे गालांवरचे ठिपके मोठे झाले. पाणी कुठे हललं की डोळस मासा सहसा लांब राहतो, हा त्या दिशेनं जातो. झोप कमी झाली. आणि थव्यानं पोहणं सुटलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. अंड्यातल्या प्रत्येक पिल्लाला आजही डोळा फुटू लागतो. मग आतलं भिंग मरतं आणि वाढ थांबते. दर पिढीला खातं उघडायचं आणि लगेच बंद करायचं! २००० साली यामामोटो आणि जेफ्री यांनी डोळस माशाच्या गर्भातलं भिंग आंधळ्याच्या गर्भात बसवलं, तर डोळा चक्क वाढला. २००८ मध्ये निरनिराळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तेव्हा काही पिल्लांना दिसू लागलं. प्रत्येक गुहेत बिघाड वेगळ्या जनुकांत होता. एकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढलं.

डोळा अधू झाला की कान तीक्ष्ण होतात, असं म्हणून लोक माझं सांत्वन करतात. त्या माशाला हे साधायला हजारो पिढ्या लागल्या. माझ्याकडे एकच आहे, तीही निम्म्याहून अधिक संपलेली. त्याचा धडा मला गिरवता येणार नाही. पण त्याचा थवा सुटला, माझा अजून सुटलेला नाही.

रात्री नऊला औषध घालायची वेळ होते. माझा हात चुकतो, थेंब गालावर ओघळतो. मग नात बाटली काढून घेते आणि दटावते, "आजोबा, वर बघा."