सांकेतिक भाषेचे दुभाषी : एक अभ्यासक्रम व आपले कर्तव्य

वर्गात बसलेले प्रत्येक मूल शिक्षकाचा शब्द ऐकत आहे, हे आपल्या अध्यापनाचे पहिले गृहीत होय. परिपाठ, प्रश्नोत्तरे, कवितागायन हे सर्व त्याच गृहीतावर उभे असते. परंतु ज्याच्या कानी आपला शब्द पोहोचतच नाही, असे एखादे मूल वर्गात असू शकते. ते फळ्यावरील मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेते, शेजाऱ्याकडे पाहून उठते व बसते आणि कोणासही त्रास देत नाही. ‘शांत व गुणी’ म्हणून ते वरच्या वर्गात जात राहते. चौथी-पाचवीत मात्र ध्यानात येते की, वहीत उतरविलेल्या वाक्यांचा अर्थ त्यास ठाऊक नाही. ही त्याच्या बुद्धीची उणीव नव्हे. त्यास कोणतीच भाषा पुरती मिळालेली नाही, हे खरे कारण होय.

पारनेरसारख्या वाड्यावस्त्यांच्या तालुक्यात असे मूल बहुधा एकटेच असते. त्याच्याशी खुणांनी सविस्तर बोलू शकेल असा दुसरा कोणी गावात नसतो. यास्तव सांकेतिक भाषा म्हणजे काय, तिचे दुभाषी कसे तयार होतात आणि आपल्या शाळेचा त्याच्याशी संबंध काय, याची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

खुणा आणि भाषा

पाणी मागण्यासाठी आपण ओठांजवळ हात नेतो, ती नुसती खूण झाली. सांकेतिक भाषा ही त्याहून फार पुढची गोष्ट आहे. तिला स्वतःचा शब्दसंग्रह व स्वतःचे व्याकरण असते. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी 1960 साली तेथील सांकेतिक भाषेचे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हापासून भाषाशास्त्रज्ञ या भाषांना इतर भाषांच्या बरोबरीने मानू लागले.

भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो व नकार क्रियापदानंतर येतो. ‘तू उद्या शाळेत का येणार नाहीस?’ या वाक्याचा क्रम ढोबळमानाने ‘उद्या – तू – शाळा – येणे – नाही – का’ असा होईल. ‘देणे’ या क्रियेत हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे कर्ता कोण हे हाताच्या दिशेने कळते. भुवया व मान यांच्या हालचालींनाही व्याकरणात स्थान आहे. म्हणूनच मराठी बोलता बोलता शब्दागणिक खुणा करणे म्हणजे ही भाषा बोलणे नव्हे.

थोडा इतिहास

अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे यांनी संकेतांच्या साहाय्याने कर्णबधिर मुलांस शिकविण्यास आरंभ केला. परंतु 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने वर्गातून संकेत काढून टाकून केवळ उच्चार व ओष्ठवाचन यांवर भर द्यावा, असा ठराव केला. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर, आपल्याकडील शाळांवरही, दीर्घकाळ राहिली. अखेर 2010 साली व्हँकुव्हर येथील परिषदेने तो ठराव अमान्य केला. श्रवणयंत्र, वाचाशिक्षण व संकेत यांचे परस्परांशी वैर नाही. मुलास लहानपणीच एक पूर्ण भाषा लाभावी, हा मुख्य मुद्दा आहे. कारण भाषाग्रहणाची शक्ती पहिल्या पाच-सहा वर्षांत सर्वाधिक असते.

दुभाषी कसा तयार होतो

अमेरिकेत 1964 साली दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे हा विषय विद्यापीठांत शिकविला जाऊ लागला. वॉशिंग्टन येथील गॅलोडेट विद्यापीठात तो पदवी व पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. आपल्या देशात यासाठी प्रामुख्याने ‘भारतीय सांकेतिक भाषा दुभाषा पदविका’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास तो खुला आहे. मुंबईत वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, तसेच दिल्ली येथील 2015 साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात हा अभ्यासक्रम चालविला जातो.

या अभ्यासक्रमात प्रथम भाषा शिकावी लागते, आणि तीही कर्णबधिर व्यक्तींच्या सहवासात. त्यानंतर अनुवादाचे तंत्र येते. वक्ता थांबल्यावर सांगणे हा एक प्रकार. वक्ता बोलत असतानाच सांगत जाणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात मेंदूवर इतका ताण पडतो की, दीर्घ कार्यक्रमात दोन दुभाषी वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने काम करतात.

तिसरा भाग नीतीचा होय. दुभाष्याने आपल्या पदरचे काही घालू नये, ऐकलेले काही गाळू नये, सल्ला देऊ नये आणि कानी आलेली गोष्ट बाहेर नेऊ नये. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात व न्यायालयात या नियमांचे मोल कळते. कर्णबधिर आईचे दुखणे डॉक्टरांस सांगण्याचे काम तिच्या दहा वर्षांच्या ऐकू येणाऱ्या मुलीवर पडले, तर मुलगी भिऊन अर्धे सांगते आणि आई संकोचून अर्धे बोलते. शिकलेला दुभाषी हवा तो याकरिता. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने आपली बाजू मांडली. योग्य सोय झाली तर कर्णबधिर मूल कोठवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

कायदा व साधने

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने सांकेतिक भाषेत पात्र असलेले शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे प्रमाणीकरण व तीतून अभ्याससाहित्य निर्माण करण्याचा उल्लेख आहे. दिल्लीच्या केंद्राने 2021 साली आपला शब्दकोश 10,000 शब्दांपर्यंत नेला. पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार 2020 मध्ये झाला, आणि डिसेंबर 2024 पासून पीएम ई-विद्याची 31 क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली आहे.

शिक्षकांनी काय करावे

(1) हाक मारल्यावर न वळणारे, सतत तोंडाकडे पाहणारे वा ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार असलेले मूल आढळल्यास विनाविलंब श्रवणतपासणी करविण्याचा आग्रह धरावा व गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षण विभागास कळवावे.

(2) अशा मुलास पुढे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. प्रकाश आपल्या मुखावर पडेल असे उभे राहावे.

(3) शब्दकोशातील चित्रफिती पाहून रोज पाच संकेत शिक्षकाने व सर्व वर्गाने मिळून शिकावेत. वर्ग शिकला तर मुलाचे एकटेपण संपते.

(4) पालकांनी घरातील खुणा दाबून टाकू नयेत, हे त्यांस समजावून सांगावे. ‘मुका’ हा शब्द शाळेत उच्चारू देऊ नये.

(5) बारावी झालेल्या माजी विद्यार्थ्यांस दुभाषा पदविकेची माहिती द्यावी. आपल्या तालुक्यातील पुष्कळ कुटुंबांचे मुंबईशी पोटापाण्याचे नाते आहे. त्यांना वांद्रे दूर नाही. ज्यांच्या घरी कर्णबधिर भाऊ वा बहीण आहे, अशा मुलामुलींस हा व्यवसाय विशेष साधेल.

उद्या तालुक्यास एक शिक्षित दुभाषी लाभला, तरी तो प्रत्येक वर्गात प्रत्येक तासास येऊ शकणार नाही. कर्णबधिर मुलासमोर दिवसाचे पाच-सहा तास उभा असतो तो शिक्षकच. त्याने शिकलेला पहिला संकेत त्या मुलाचे नाव विचारण्याचा असावा.