एवढासा थेंब, केवढ्या उचापती!

डॉक्टर सांगतात एक थेंब, आपण घालतो तीन. बाटलीचे पैसे मोजलेत ना! पण खालच्या पापणीच्या खोबणीत एक थेंबसुद्धा धड मावत नाही. उरलेलं औषध गालावर ओघळतं, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात. ही आडवाट महागात पडू शकते. काचबिंदूवरचा टिमोलॉलचा थेंब दमेकऱ्याला धाप लावू शकतो. म्हणून थेंब घातला की डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा.

या थेंबांची घराणी मोठी नामांकित. बदनामही! इटलीतल्या हौशी स्त्रिया डोळ्यांच्या बाहुल्या टपोऱ्या दिसाव्यात म्हणून बेलाडोना या विषारी झाडाचा रस डोळ्यांत घालत. त्यातलंच ॲट्रोपिन आज अगदी पातळ करून मुलांच्या चष्म्याचा नंबर धावू नये म्हणून देतात.

त्याहून भयंकर नायजेरियातल्या कॅलाबारची बी. आरोपीला ती खायला घालत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. त्याच बीमधल्या फायसोस्टिग्मिनने काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरतो, हे १८७६ साली स्ट्रासबर्गच्या डॉ. लुडविग लाक्वर यांनी दाखवलं. ते स्वतःच काचबिंदूचे रुग्ण होते!

उसाचं किंवा भाताचं पातं डोळ्याला लागलं की कधीकधी बुरशी शिरते आणि फूल पडतं. त्या बुरशीवरचं नेहमीचं औषध नॅटामायसिन, दक्षिण आफ्रिकेच्या मातीत सापडलेलं. हेच औषध चीजला बुरशी लागू नये म्हणून त्याच्या सालीवरही लावतात.

सुरकुत्या घालवणारं बोटॉक्स? ते मुळात तिरळेपणासाठी. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते आणलं आणि १९८९मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डोळ्यांसाठीच. काचबिंदूवरच्या बायमॅटोप्रॉस्टची गंमतही तशीच: त्याने काचबिंदूच्या रुग्णांच्या पापण्या लांब आणि दाट व्हायला लागल्या, तेव्हा २००८मध्ये अमेरिकेत त्याच औषधाला पापण्यांसाठी मंजुरी मिळाली. दुष्परिणामाचीच झाली जाहिरात. आतड्याच्या कर्करोगावरचं बेव्हॅसिझुमॅब तर आता इवल्याशा डोसात डोळ्यात टोचून दृष्टिपटलाचे विकार आवरतात.

मोतीबिंदू विरघळवणारा थेंब मात्र अजून कुणाला सापडलेला नाही. जाहिराती तेवढ्या सापडतात.

आणि डोळे आले की केमिस्टकडून मनाने ड्रॉप आणणाऱ्यांनो, ही साथ बहुतेक वेळा विषाणूची असते. विषाणू अँटिबायोटिकला दाद देत नाही. स्टेरॉइडच्या थेंबाने लाली झटकन उतरते, पण तोच महिनोन्‌महिने चालू ठेवला तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. तेव्हा स्टेरॉइड डॉक्टरांना विचारूनच घाला. आणि फ्रिजच्या दारात उघडून ठेवलेली मागच्या पावसाळ्यातली बाटली आजच फेकून द्या; उघडल्यावर बहुतेक ड्रॉप महिनाभरच वापरायचे असतात.